समेटाची विद्या

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते. वकिलांची फी, तारखांचे हेलपाटे, बुडालेली मजुरी आणि दोन घरांत कायमचे आलेले वैर, या साऱ्यांचा अनुभव या म्हणीत साठलेला आहे. परंतु ही म्हण अर्धेच शहाणपण सांगते. शहाण्याने काय करू नये हे ती बजावते. मग त्याने काय करावे, याविषयी ती मौन पाळते. कोर्टात जायचे नाही, हाणामारी करायची नाही आणि अन्यायही सोसायचा नाही, तर मार्ग कोणता? या प्रश्नाचे उत्तर समाजाने नागरिकांना शिकवलेले नाही. वाचन-लेखन शिकवले, हिशेब शिकवला, शिवणकाम आणि संगणक शिकवला. मात्र दोन माणसांतील तंटा न्याय्य रीतीने कसा मिटवावा, हे ज्याचे त्याने आपापल्या कुवतीने शिकावे अशीच अपेक्षा धरली. समेट घडवणे हा काही मोजक्या पुण्यवान माणसांचा स्वभावगुण आहे, असा समज त्यामागे आहे. हा समज बदलणे आवश्यक आहे. समेट ही एक विद्या आहे. सुतारकाम किंवा सुईणपण जसे शिकता येते आणि सरावाने अंगी मुरते, तशीच हीही विद्या शिकता व शिकवता येते.

संघर्ष ही काही विकृती नव्हे. भांड्याला भांडे लागले की आवाज होणारच, असे वडीलधारी माणसे म्हणतात ते खरे आहे. जेथे माणसे जवळजवळ राहतात, एकच नळ, एकच बोळ, एकच बांध वापरतात, तेथे हितसंबंध एकमेकांना घासतात. घातक असते ती संघर्षाची वाढ. नळावर कोणाचा हंडा आधी, यावरून दोन बायकांत शब्दाला शब्द लागतो. संध्याकाळी पुरुष कामावरून परततात, त्यांच्या कानांवर ती गोष्ट पडते, पण तोपर्यंत हंड्याची गोष्ट मागे पडून कोण कोणाच्या आईबापांविषयी काय बोलले एवढेच शिल्लक राहिलेले असते. दुसऱ्या दिवशी भाऊबंद जमतात. दोन्ही कुटुंबे निरनिराळ्या जातींची किंवा धर्मांची असली, तर तिसऱ्या दिवशी त्या हंड्यावर झेंडा फडकू लागतो. पहिल्या तासाला जो तंटा पाच मिनिटांच्या बोलण्याने मिटला असता, त्यासाठी चौथ्या दिवशी पोलिसांची गाडी येते. तंट्याची ही चाल ज्याला ठाऊक आहे, तो त्याला पहिल्याच पायरीवर अडवू शकतो.

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहराकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले आणि तळ्यांचे हे जुने गाव वेगाने वाढू लागले. छत्तीसगढी बोलणारे मूळचे रहिवासी, उडिया आणि तेलुगू मजूर, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे, बंगाली, गुजराती व मारवाडी व्यापारी, उरला-सिलतराच्या कारखान्यांत काम शोधत आलेले उत्तरेकडील कामगार, अशी नाना भाषांची माणसे येथे एका गल्लीत राहतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबेही येथे स्थायिक झाली. तात्यापारा या जुन्या वस्तीचे नावच मराठी कानाला आपले वाटते. अशा शहरात तंटे होऊ नयेत ही अपेक्षा भाबडेपणाची ठरेल. ते झाल्यावर मिटवणारी माणसे प्रत्येक पाऱ्यात असावीत, ही अपेक्षा मात्र रास्त आहे.

या भूमीला या विद्येचा वारसाही आहे. छत्तीसगडमध्ये ‘मितान बदणे’ ही प्रथा पूर्वापार चालत आली आहे. मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला मित्र. श्रावणात टोपलीत गहू पेरून वाढवलेले भोजलीचे अंकुर राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात विसर्जित करतात, तेव्हा दोघी मैत्रिणी त्यातील अंकुर एकमेकींच्या कानावर खोवतात आणि त्या दिवसापासून एकमेकींना नावाने न हाकारता ‘भोजली’ म्हणू लागतात. कोणी जगन्नाथपुरीचा प्रसाद देऊन ‘महाप्रसाद’ होतात, तर कोणी ‘गंगाजल’ होतात. मितानाच्या आईवडिलांना फूलदाई व फूलददा म्हणतात आणि सुखदुःखात त्यांच्याशी पोटच्या लेकरासारखे वागतात. या नात्याचे वैशिष्ट्य असे की ते जातीच्या रेषेवरूनही जोडले जाते. ज्या गावात दोन जातींमधील दोन माणसे परस्परांचे मितान असतात, तेथे त्या जातींत वाद उद्भवला तर दोन्ही बाजूंकडे विश्वासाने जाऊ शकणारे एक तरी पाऊल तयार असते. तंटा निर्माण होण्याच्या कितीतरी आधी जोडलेले नातेच तंट्याच्या वेळी उपयोगी पडते, हा समेटाच्या विद्येचा पहिला धडा या लोकपरंपरेने सांगितला आहे.

दुसरा धडा कंडेलच्या शेतकऱ्यांनी दिला. कंडेल हे धमतरीजवळचे गाव. त्या वेळी ते रायपूर जिल्ह्यात होते. १९२० मध्ये कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून पाटबंधारे खात्याने गावकऱ्यांवर सामुदायिक दंड बसवला. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली गावाने दंड भरण्यास नकार दिला. सरकारने गुरे जप्त केली आणि ती विकण्यासाठी बाजारोबाजार फिरवली. पण कोणीही बोली लावली नाही. अखेर दंड मागे घ्यावा लागला. या लढ्यात सरकारी शिपायाच्या अंगाला कोणी हात लावला नाही, आणि गावाने मानही तुकवली नाही. शांततेचा अर्थ गप्प बसणे असा करणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. आपली बाजू न सोडता दुसऱ्याला शत्रू न मानणे, हे अवघड कौशल्य त्या शेतकऱ्यांनी प्रत्यक्षात आणून दाखवले.

तिसरा धडा भाषेचा आहे. पंडित माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे मराठी मातृभाषेचे गृहस्थ. त्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि समर्थांचा ‘दासबोध’ व लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे रायपुरात गेली. एका भाषेतील अर्थ दुसऱ्या भाषेत अचूक पोहोचवणे हे अनुवादकाचे काम. मध्यस्थाचे कामही याहून फारसे निराळे नसते. एकाच भाषेत भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांनाही परस्परांचे बोलणे कळेनासे झालेले असते. ‘तो मला मोजत नाही’ या वाक्यात दडलेला अर्थ ‘मला न विचारता निर्णय घेतला याचे मला दुःख झाले’ असा आहे, हे ओळखून दुसऱ्याच्या कानापर्यंत पोहोचवणारा माणूस हाच खरा मध्यस्थ होय.

धैर्य आणि सद्‌भावना एवढ्यावर हे काम भागते काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. अहमदाबादेतील वसंतराव हेगिष्टे हे मराठी कुटुंबातील तरुण कार्यकर्ते आणि त्यांचे मित्र रजब अली लाखाणी, या दोघांनी १ जुलै १९४६ रोजी दंगलखोर जमावाला अडवताना प्राण गमावले. त्यांच्या बलिदानापुढे मस्तक नमते. पण जमाव हातात शस्त्रे घेऊन रस्त्यावर उतरल्यानंतर एक-दोन माणसांनी आडवे उभे राहण्याची वेळ येते, याचाच अर्थ त्याआधीच्या अनेक शांत दिवसांत समाजाने जे करायला हवे होते ते राहून गेलेले असते. शांतिसेनेची कल्पना प्रथम गांधीजींनी मांडली आणि १९५७ मध्ये विनोबा भाव्यांनी ती प्रत्यक्षात आणली, तिच्या मुळाशी हाच विचार होता. शांतिसैनिकाने दंगलीच्या दिवशी प्रथमच वस्तीत जाऊ नये. त्याने एरवी तेथे सेवा करावी, घराघरांशी ओळख ठेवावी, म्हणजे कठीण दिवशी त्याच्या शब्दाला वजन राहील, असे त्यांना अभिप्रेत होते.

हा विचार व्यवहारात उतरू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातील भिवंडीने घालून दिले. यंत्रमागांच्या या शहरात १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये तेथे पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. वस्तीवस्तीत हिंदू आणि मुसलमान रहिवासी आणि त्या भागातील पोलिस एकत्र बसू लागले. बैठकीत चर्चा होई ती गटारांची, दिव्यांची आणि शेजाऱ्यांतील लहानसहान भांडणांची. या किरकोळ वाटणाऱ्या चर्चांतून माणसांना परस्परांचे चेहरे आणि स्वभाव ओळखीचे झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना तिच्या जवळचीच भिवंडी शांत राहिली. अफवा तेथेही आल्या असतील. पण अफवा खरी की खोटी हे विचारण्यासाठी पलीकडच्या गल्लीत ओळखीचे माणूस होते. पुढे मुंबईतही याच धर्तीवर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून ‘महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम’ राबवली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांचा या मोहिमेत पुढाकार होता. ग्रामसभेने तंटामुक्ती समिती निवडावी, गावातील दिवाणी, महसुली आणि तडजोडपात्र फौजदारी तंट्यांची नोंद करावी, ते सामोपचाराने मिटवावेत आणि नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून प्रयत्न करावेत, अशी योजना होती. उत्तम काम करणाऱ्या गावांना लोकसंख्येनुसार पुरस्काराची रक्कम मिळे. बांधावरून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ एका सतरंजीवर बसले, हे या मोहिमेचे यश होय. तिच्या मर्यादाही लवकरच दिसल्या. पुरस्कार मिटवलेल्या तंट्यांशी जोडला गेला की आकड्याला महत्त्व येते आणि दुबळ्या पक्षावर ‘गावासाठी’ सही करण्याचा दबाव येण्याचा धोका संभवतो. शिवाय समिती नेमणे सोपे असते, समितीच्या सभासदांना समेटाची विद्या शिकवणे अवघड असते. पहिल्या काही वर्षांनंतर मोहिमेचा जोर ओसरला. जे काम केवळ पुरस्काराच्या आशेवर उभे राहते, ते पुरस्काराबरोबर थांबते. जे कौशल्य माणसाच्या अंगी मुरते, ते टिकते.

मग या विद्येत शिकण्यासारखे नेमके काय आहे? एक साधे उदाहरण कल्पून पाहता येईल. रायपूरच्या एखाद्या वस्तीत एका कुटुंबाने घर नव्याने बांधले आणि जोते दोन हात उंच घेतले. पहिल्या पावसात तिकडचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात शिरले आणि साठवलेले धान भिजले. शेजारी म्हणतो, ‘जोते फोडा.’ घरमालक म्हणतो, ‘जागा माझी आहे, एक वीटही हलणार नाही.’ दोघेही ओरडत आहेत आणि गल्ली जमली आहे. अशा वेळी कोणाचे चुकले याचा निवाडा देण्याची घाई सामान्य माणूस करतो. शिकलेला मध्यस्थ ती घाई टाळतो. तो प्रथम गर्दी पांगवतो, कारण बघ्यांसमोर कोणीही माघार घेत नाही. दोघांना तो निरनिराळे भेटतो आणि प्रत्येकाचे म्हणणे मध्ये न बोलता पुरते ऐकून घेतो. ऐकल्यावर ‘म्हणजे दादा, तुमचे म्हणणे असे ना?’ म्हणून तेच म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगतो. आपले म्हणणे कोणाला तरी समजले एवढ्याने माणसाचा निम्मा राग ओसरतो.

यानंतर मध्यस्थ मागणी आणि गरज या दोन गोष्टी वेगळ्या करतो. ‘जोते फोडा’ ही मागणी आहे. अंगण कोरडे राहावे ही गरज आहे. ‘वीट हलणार नाही’ ही मागणी आहे. कर्ज काढून बांधलेल्या घराला धक्का लागू नये ही गरज आहे. मागण्या एकमेकींशी टक्कर घेतात, गरजा मात्र बहुधा एकत्र नांदू शकतात. दोन्ही घरांच्या मधून एक नाली काढून ती सार्वजनिक गटाराला जोडली, तर जोतेही राहते आणि अंगणही कोरडे राहते. हा तोडगा मध्यस्थाने वरून लादायचा नसतो. दोघांच्या तोंडून निघेपर्यंत त्याने प्रश्न विचारत राहायचे असते. स्वतः सुचवलेला तोडगा माणूस पाळतो. दुसऱ्याने गळ्यात घातलेला पहिल्या संधीला झुगारतो. भिजलेल्या धानाचे काय, हा प्रश्नही तेथेच सोडवावा लागतो. नुकसानीची भरपाई टाळून केलेला समेट पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

शेवटची पायरी लेखनाची आणि पाठपुराव्याची. नाली कोण खणणार, खर्च कोण किती देणार, काम कोणत्या तारखेपर्यंत होणार, हे साध्या भाषेत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ज्याला वाचता येत नाही त्याला ते दोनदा वाचून दाखवावे आणि त्याच्या विश्वासातील माणूस साक्षीला ठेवावा. पंधरा दिवसांनी जाऊन काम झाले की नाही हे पाहावे. उशिरा लिहिणे-वाचणे शिकलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांना आपल्या नव्या अक्षरओळखीचा याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल. ऐकणे, योग्य प्रश्न विचारणे, वेळ व जागा निवडणे, मागणीतून गरज शोधणे, करार लिहिणे आणि त्याची आठवण ठेवणे, या सहा गोष्टी पदवीवाचून शिकता येतात. संसार केलेल्या, मजुरी केलेल्या, चार माणसांत वावरलेल्या प्रौढाला त्या कोवळ्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमगतात.

या विचाराला एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. गावातला समेट बहुधा बलवानाच्या बाजूने होतो, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. सावकार आणि कर्जदार, मालक आणि मजूर, सवर्ण आणि दलित, नवरा आणि मार खाणारी बायको यांना एका सतरंजीवर बसवले म्हणून ते समान होत नाहीत. ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ ही म्हण अशा वेळी हमखास ऐकू येते. वास्तविक मारहाणीच्या बाबतीत ही म्हण साफ खोटी आहे. थप्पड एकाच हाताने बसते. जातपंचायतींनी ‘समाजात शांतता राहावी’ म्हणून कुटुंबांना वाळीत टाकले, प्रेमविवाह केलेल्यांना दंड केले, बायकांना अपमानित केले, हा इतिहास विसरता येत नाही. महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो याच कारणाने. छत्तीसगडमध्ये एखाद्या स्त्रीला ‘टोनही’ म्हणजे चेटकीण ठरवून छळण्याचे प्रकार घडत आले. ते रोखण्यासाठी राज्याने २००५ मध्ये ‘टोनही प्रताडना निवारण अधिनियम’ केला. जिला टोनही म्हटले त्या बाईने आणि म्हणणाऱ्यांनी एकमेकांना क्षमा करून विषय संपवावा, असे सांगणे म्हणजे अन्यायावर चादर पांघरणे होय.

आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. आडाण्याच्या हातातील शस्त्राने रोगी दगावतो म्हणून शस्त्रक्रियाच बंद करत नाहीत. शस्त्र कोणी, कोठे चालवावे याचे शिक्षण देतात. समेटाच्या शिक्षणात ‘कोठे समेट करू नये’ हा धडा पहिला असला पाहिजे. बलात्कार, हुंड्यासाठी छळ, जातीय अत्याचार, लहान मुलांवरील अत्याचार, प्राणघातक हल्ला, यांची जागा पोलिस ठाणे आणि न्यायालय हीच आहे. कायदाही हेच सांगतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतींना अधिकार दिले; लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि तिच्यावर अपील नसते. तरीही कायद्याने तडजोडपात्र न ठरवलेले गुन्हे लोकअदालतीच्या कक्षेबाहेरच ठेवले आहेत. चांगला मध्यस्थ आपली ही हद्द जाणतो. पीडित स्त्रीला तो घरी परत पाठवत नाही. तिच्या सोबतीने पोलिस ठाण्यात जातो.

देशाच्या कायद्यानेही या विद्येची दखल आता घेतली आहे. संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा संमत केला. त्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या वस्तीतील रहिवाशांची किंवा कुटुंबांची शांतता बिघडवू शकेल असा तंटा दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीने तीन मध्यस्थांपुढे ठेवावा, अशी त्यात कल्पना आहे. या मार्गाने झालेल्या समझोत्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे सक्तीने अमलात आणता येणार नाही, असेही कायद्यात नमूद आहे. काहींना ही त्याची उणीव वाटेल. परंतु तिच्यातच या शिक्षणाची निकड दडलेली आहे. ज्या समझोत्यामागे बेलिफ नाही, तो केवळ पक्षकारांच्या समाधानावर उभा राहतो, आणि असे समाधान निर्माण करण्यासाठी कसलेला मध्यस्थ लागतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना आपल्या परंपरागत रीतीने तंटे सोडवण्यास सक्षम मानले आणि छत्तीसगडने २०२२ मध्ये त्याचे नियम केले. अधिकार मिळाले, ते न्यायाने वापरण्याची तयारी मात्र शिक्षणानेच होते.

ही तयारी करून घेणारी माणसे कोठून आणायची? छत्तीसगडपुरते बोलायचे तर ती तेथे आहेतच. राज्याने २००२ मध्ये ‘मितानिन’ कार्यक्रम सुरू केला आणि आरोग्यसेविकांना लोकपरंपरेतील मैत्रिणीचे नाव दिले. प्रत्येक पाऱ्यातील लोकांनी आपल्यातीलच एक बाई निवडायची आणि तिला टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण द्यायचे, ही त्याची रीत. अशा सुमारे सत्तर हजार मितानिनी राज्यात काम करतात. ताप आणि बाळंतपण पाहता पाहता त्यांच्यापैकी अनेकींनी कौटुंबिक हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांनाही आधार दिला आहे. पुष्कळशा मितानिनी फार शिकलेल्या नव्हत्या. निवडणारा पारा आणि शिकवणारा वर्ग या दोहोंच्या बळावर त्या उभ्या राहिल्या. जी पद्धत आरोग्यासाठी यशस्वी झाली, ती समेटासाठी चालू नये असे कोणतेही कारण नाही. महिला बचत गट, कामगारांच्या संघटना, गणेशोत्सव आणि दुर्गोत्सव मंडळे, मशिदींच्या समित्या, मराठी मंडळे व अन्य भाषिकांच्या संस्था, विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक यांतून प्रत्येक वॉर्डात दहा-बारा माणसे निवडता येतील. त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वस्तीतील प्रत्येक समाजाचे माणूस असावे. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी एकत्र बसून खोट्या तंट्याचा सराव करावा. कधी भाडेकरूची भूमिका घरमालकाला द्यावी, कधी सुनेची भूमिका सासूला. दुसऱ्याच्या जागी तासभर बसलेला माणूस पुढे कोणाचा एकतर्फी निवाडा सहसा करत नाही.

अशा लहान प्रयत्नांनी मोठे संघर्ष थांबतील काय, असे कोणी विचारील. बस्तरने अनेक दशके शस्त्रांचा संघर्ष सोसला. त्याची कारणे जमीन, जंगल, सत्ता आणि शोषण यांत खोल गेलेली होती. नळावरच्या भांडणाची रीत तेथे जशीच्या तशी लागू पडत नाही. तरीही मार्च २०२१ मध्ये नारायणपूरहून रायपूरपर्यंत शांततेसाठी पायी चालत आलेल्या स्त्री-पुरुषांनी जी मागणी केली ती संवादाचीच होती. कोणताही मोठा संघर्ष कधी ना कधी बोलण्याच्या टप्प्यावर येतो, आणि त्या वेळी ज्या समाजात ऐकणारी व बोलणारी माणसे तयार असतात तो समाज लवकर सावरतो. ती माणसे आयत्या वेळी घडवता येत नाहीत. ती बांधावरच्या, बोळातल्या आणि नळावरच्या तंट्यांतच घडतात.

शांतता म्हणजे भांडण नसणे नव्हे. जेथे दुबळा भयाने गप्प आहे, तेथेही भांडण नसते. जेथे दुबळ्याला आपले म्हणणे निर्भयपणे मांडता येते, बलवानाला ते ऐकावे लागते आणि दोघांनाही उद्या पुन्हा शेजारी म्हणून राहता येते, तेथे शांतता असते. ही अवस्था उपदेशाने येत नाही, बंदोबस्तानेही येत नाही. ती शिकावी लागते, आणि तिची शाळा घरापासून चार पावलांवर असते. पुढच्या वेळी पाऱ्यात दोन आवाज चढतील तेव्हा खिडकी लावून घेणारे पुष्कळ असतील आणि तमाशा पाहणारेही पुष्कळ असतील. त्यांच्यातून एखादी शिकलेली बाई किंवा एखादा शिकलेला माणूस पुढे होऊन ‘आधी दोघेही बसा, पाणी घ्या, मग एकेकाने सांगा’ एवढे म्हणू शकला, तरी त्या पाऱ्यात हे शिक्षण सुरू झाले असे समजावे.